जोडव्यांसकट मावतील असे बूट

माझ्या लहानपणी मायच्या चपला खुंटीला टांगलेल्या असायच्या. हदगाव तालुक्यातलं आमचं गाव डांबरी रस्त्यापासून बरंच आत. बाजारला जायचं तर माय चपला पिशवीत घालून रस्त्यापर्यंत अनवाणी चालायची. एसटी दिसली की पिशवीतून काढून पायात सरकवायची. परत येताना उतरली की पुन्हा पिशवीत. निंदणीला, कापूस वेचायला ती कायम उघड्या पायानं गेली. तूर कापल्यावर जमिनीत जे तिरपे खुंट राहतात ते सुरीसारखे असतात. संध्याकाळी चुलीपुढं बसून ती सुईनं पायातले काटे काढायची आणि काढलेला काटा मला दाखवायची, जसं काही मोठी शिकार केली. आबा दुसऱ्याच्या शेतात सालगडी होते. घरात चौघं, आणि चपलांचा जोड मायचा एक, आबांचा एक. आम्हा पोरींना शाळेत घालायला काहीच नव्हतं, आणि वर्गात बहुतेकांना नव्हतं, म्हणून वाईटही वाटायचं नाही.

मी बी.ए. झाले तेव्हा नांदेडला कॉलेजात पदवीदानाचा कार्यक्रम होता. माय आली होती. बसस्टँडवरच तिच्या चपलेचा अंगठा तुटला. तुटकी चप्पल पिशवीत घालून ती कॉलेजपर्यंत चालत आली आणि बाहेरच लिंबाखाली बसली, पाय लुगड्यात ओढून. काळा झगा घालून मी बाहेर आले तेव्हा मला दिसली.

"आत कामून नाही आलीस?"

"आत समदे बूटवाले दिसले. म्हनलं, टाळ्या काय, हितून बी ऐकू येत्यात."

आमच्या घराण्यात, माहेर-सासर दोन्हीकडून धरून, पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कुठंही सांगते, लाजत नाही. आता नांदेडलाच ज्युनिअर कॉलेजात शिकवते. घर झालं, आबांचं सालगडीपण सुटलं, स्वतःची दोन एकर ते स्वतःच बघतात. पण लिंबाखालची ती माय माझ्या डोळ्यांपुढून हलली नाही.

गेल्या वर्षी कॉलेजातल्या एका मॅडमनी जॉर्जियाच्या सहलीचे फोटो दाखवले. त्यात एक फोटो असा होता: मागं बर्फाचा मोठा डोंगर, पुढं एका टेकाडावर एकटंच दगडी देऊळ. मी तो मायला दाखवला. फोन हातात धरून ती बराच वेळ बघत राहिली.

"हितं मानूस जाऊ शकतं?"

"जातात की. गाडी बरीच वर जाते. शेवटी थोडं चालायचं."

"मंग मला हितं ने, संगे. बाकी काय दावू नको." संगे म्हणजे मी.

माझे मालक म्हणाले, "तुम्ही दोघी जा, पोरं मी बघतो." आबांना विचारलं तर ते म्हणाले, "बैलाला काय जॉर्जियाचं सांगू मी?" नाताळाच्या सुट्टीला जोडून रजा काढली, आणि मी मनाशी एकच ठरवलं: माय त्या देवळाच्या आत जाईल. गाडीत बसून वाट बघणार नाही.

नांदेड

सहल कंपनीच्या बाईंनी फोनवर बजावलं होतं, "मॅडम, बाकी काही तिकडं मिळेल, पण बूट इथूनच घ्या, आणि लवकर घ्या." लवकर का, ते मी विचारलं नाही. मला वाटलं, दुकानातला माल संपत असेल.

मला वेळ शनिवारी. मायला गावाकडून आणलं होतं. वजिराबादच्या बाजारात जायला निघालो तर ती दारातच थांबली.

"आज शनवार."

"मग?"

"शनवारी पायातलं घेत न्हाईत."

"माय, मी एम.ए. आहे."

"म्हून शनवार बदलला का?"

रविवारी गेलो. दुकानदार साठीचे सरदारजी, बोलणं अस्सल नांदेडी. "मावशी, कितवा नंबर?" त्यांनी विचारलं. "नंबर कशाचा? पाय हा, बगून घ्या," म्हणत मायनं पाय त्यांच्या ठोकळ्यावर ठेवला. पुढून पसरलेला पाय, बोटं सुटी सुटी, टाचेला भेगा, आणि बोटांत चांदीची जाड जोडवी. लग्नात सोनारानं चढवली, तेव्हापासून ती उतरलेली नाहीत. बायकांच्या बुटांचं नाक निमुळतं. एकेक जोड पायाशी यायचा आणि जोडव्यापाशी अडायचा. शेवटी त्यांनी वरच्या फळीवरून एक काळा जोड काढला. तो मात्र सहज गेला. मायनं दुकानात दोन-चार पावलं टाकली, आरशात पाय पाहिले, आणि मग विचारलं, "हे बायांचेच ना?"

ते खोटं बोलले नाहीत. "जेन्ट्सचे आहेत मावशी. पण पुढून रुंद आहेत, जोडव्यांसकट मावले बघा."

मायनं तिथंच काढले. "गड्याचे बूट घालून फिरू व्हय मी? मंग हिच्या बापानं काय घालावं, माझं लुगडं?"

सगळं दुकान हसलं. मीही हसले, आणि हसण्याच्या भरात बायकांच्या बुटातलाच एक नंबर मोठा जोड घेतला, राखाडी, जांभळ्या पट्टीचा. नंबर वाढला की बूट लांब होतो, रुंद फारसा होत नाही. हे मला आता कळतं. शिवाय माप घेतलं भर दुपारी, उघड्या पायावर. जाड लोकरीचे मोजे घालून बघायला हवं होतं. पण लोकरीचे मोजे नांदेडात कुणाच्या घरी असतात?

खरी चूक पुढं झाली. बूट घरी आणले आणि मायनं ते खोक्यातच ठेवले. मी एकदा म्हटलं, "घालून बघत जा, गच्चीवर चाल थोडं." तर म्हणाली, "तिकडंच घालीन की. हितं फुफाट्यात कशाला घान करायचे?" आणि मला ते पटलं! आमच्यात नवी वस्तू सणाला किंवा परगावी जातानाच अंगाला लागते. नवं लुगडं, नवी पिशवी, नवे बूट, सगळ्याला एकच न्याय. हैदराबादच्या विमानतळावर माय तिच्या रोजच्या चपलांत आली, बुटांचं खोकं मांडीवर घेऊन. लोक मुलं मांडीवर घेतात तसं.

तिबिलिसी

विमानतळाबाहेर पडायच्या आधी मायनं खोकं उघडलं. मी तिला लोकरीचे मोजे चढवले, एकावर एक दोन. मग बूट. जरा जोर लावावा लागला. "घट्ट होत नाहीत ना?" मी विचारलं. "नवे हायेत. सैल पडतील," माय म्हणाली. बाहेरची थंडी हाडात शिरणारी होती. आमच्याकडं जानेवारीत शेकोटी पेटवतात ती थंडी म्हणजे खेळ.

आमच्या गटात आम्ही नांदेड-लातूरची दहा माणसं. आमच्याशी जास्त घसट झाली ती लातूरच्या शोभाताईंची. निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या पायात घोट्याच्या वरपर्यंतचे भारी गिर्यारोहणाचे बूट, आणि तोंडात सगळ्यांसाठी सल्ले. गाईड होता गिओर्गी, तिशीतला. त्याला थोडं हिंदी येत होतं आणि तो मायला पहिल्या दिवसापासून 'मम्मी' म्हणायला लागला.

तिबिलिसीचं जुनं गाव चढ-उताराचं. घरांना कोरीव लाकडी सज्जे, रस्त्याला गोल गुळगुळीत दगड, आणि दगडांवर पहाटेचं गोठलेलं पाणी. एका गल्लीत जमिनीतून वाफ येत होती. तिथं गंधकाच्या गरम पाण्याची न्हाणीघरं आहेत. वास आल्याबरोबर माय थबकली. "आगं, हे तर उनकेश्वर!" किनवटकडच्या आमच्या उनकेश्वरच्या कुंडाला असाच वास येतो. शोभाताई म्हणाल्या, "इतक्या लांब येऊन तुम्हाला उनकेश्वरच आठवलं?" माय म्हणाली, "पानी तर जिमिनीतलंच हाय ना बाई. जिमीन एकच."

एका भटारखान्यात भट्टीच्या भिंतीला पोळी चिकटवून होडीच्या आकाराची भाकरी काढत होते. गिओर्गीनं गरम गरम घेऊन दिली. ती तोडत तोडत आम्ही चालत होतो आणि माझ्या लक्षात आलं की माय मागं पडतेय. मी थांबले की ती दुकानं बघायला थांबल्यासारखं करायची. बंद दुकानं. वर्षाचा शेवटचा दिवस होता, आणि बरीचशी दुकानं शटर पाडून बसली होती.

मग एक चर्च आलं. तिथं बायकांनी डोकं झाकल्याशिवाय आत जायचं नाही, दारात रुमालांची टोपली ठेवलेली. मायनं डोक्यावर पदर घेतला आणि खूश होऊन मला म्हणाली, "बग, हितं बी हाय." पण लोक बूट घालूनच आत चालले होते. तिला ते बघवेना. "डोकं झाकायचं आन् पायतान तसंच? आर्धाच धर्म शिकले म्हनायचे." तिनं दारात बूट काढले आणि मोज्यांवर आत गेली. आत मेणबत्त्या, धूप, उभ्यानं चाललेलं गाणं. माय डोळे मिटून उभी राहिली. मला वाटलं, भक्ती. संध्याकाळी तिनंच कबूल केलं, "देवाच्या नावानं का व्हयना, पायाला सुट्टी भेटली."

बाहेर आलो तर बूट नाहीत! मी घाबरले. शोभाताईंनी "चोर सगळीकडं असतात" असं सुरू केलं. गिओर्गी इकडं तिकडं धावला आणि शेवटी त्यानं मेणबत्त्या विकणाऱ्या आजीबाईंच्या टेबलाखालून बूट काढून आणले. त्यांना वाटलं, कुणीतरी विसरून गेलं. त्यांनी बूट पुसून, नाड्या आत खोचून जपून ठेवले होते. बूटच कुणी विसरून जातं का, हा प्रश्न त्यांनाही पडला असणार. मायनं त्यांना हात जोडले, त्यांनी मायच्या गालाला हात लावला.

हॉटेलवर आल्यावर माय मोजा काढू देईना. मी रागावून ओढला. पांढऱ्या मोज्यावर रक्त होतं. दोन्ही पायांची जोडव्यांची बोटं सुजून लाल, चांदी कातडीत रुतलेली, टाचेला फोड. दिवसभर ती असंच चालली होती आणि हूं की चूं केलं नव्हतं.

शोभाताई पट्ट्या आणि मलम घेऊन आल्या. सल्ला देतात तशी मदतही त्या मनापासून करतात, हे मी लिहिलंच पाहिजे. पट्टी लावता लावता म्हणाल्या, "जोडवी काढून टाका. साबण लावला की निघतील. माझी बघा, पर्समध्ये आहेत."

"न्हाई जमायचं. नवरा जिता हाय माझा."

"अहो, नवरा हदगावात बसलाय, बोट तुमचं दुखतंय."

"दुखू द्या. पन्नास वरसं कधी काढली न्हाईत, आन् आता बुटासाठी काढू?"

मी जोर केला नाही. तिच्या पायाचं तिनं ठरवायचं. गिओर्गीला विचारलं, दुसरे बूट कुठं मिळतील. तो म्हणाला, नव्या वर्षाची सुट्टी, बाजार दोन दिवसांनी उघडेल. आम्ही तर सकाळीच डोंगराकडं निघणार होतो. "मम्मी गाडीत बसू शकते," तो म्हणाला. "गाडी गरम असते. काचेतून डोंगर चांगला दिसतो."

 मला ते वाक्यच टोचलं.

कझबेगीच्या वाटेवर

नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी डोंगरातल्या कझबेगी गावाकडं निघालो. माय आधी दोन मोजे आणि त्यावर तिच्या घरच्या चपला, अशी गाडीत बसली. अंगठ्यापाशी मोजा मुडपून. रस्ता नदीच्या कडेनं चढत गेला. आधी डोंगरांच्या माथ्यावर पांढरं दिसायला लागलं, मग झाडांवर, मग रस्त्याच्या कडेला. माय काचेला नाक लावून बसली होती. तिनं आजवर बर्फ पाहिला होता तो रसवंतीच्या भुशातला.

एका किल्ल्याजवळ गाडी थांबली. रस्त्याच्या कडेला एक म्हातारी हातानं विणलेले मोजे विकत होती, जाडजूड, मेंढीच्या लोकरीचे, थोडे टोचणारे. माय खिडकीतूनच म्हणाली, "घे संगे. हे पुढून गोल हायेत." मला हसू आलं. आता ती प्रत्येक गोष्टीचं नाक बघायला लागली होती. ते मोजे तिच्या बोटांना जोडव्यांसकट बसले. बुटांचं काय, हा प्रश्न होताच.

मनानाचा उंबरा

दुपारी गावात पोचलो. कझबेगीचा डोंगर ढगात होता, पण टेकाडावरचं देऊळ दिसलं. मायनं ते लगेच ओळखलं. "तेच हाय!" ती म्हणाली आणि खाली आपल्या चपलांकडं बघायला लागली. बर्फाळ उतार बघून तिनं मनात हिशेब केला असावा.

आमचा गट दोन घरांत विभागला. आम्ही दोघी, शोभाताई आणि त्यांचे यजमान ज्या घरात उतरलो त्या घरच्या बाईचं नाव मनाना. पन्नाशी ओलांडलेली, आडव्या अंगाची, एप्रन बांधलेली. मेंढ्या, बटाट्याची शेती आणि वर पाहुण्यांसाठी दोन खोल्या. आम्ही सामान घेऊन दारात गेलो तर ती हात आडवा करून उभी. कुणाला आत सोडेना. मला वाटलं, झालं, बुकिंगचा घोळ.

गिओर्गीनं खुलासा केला. नव्या वर्षात उंबरा ओलांडून जो पहिला पाहुणा घरात येतो त्याच्यावर त्या घराचं वर्ष कसं जाणार ते ठरतं. त्या पाहुण्याला ते मेक्वले म्हणतात. सकाळपासून मनानानं कुणाला आत घेतलं नव्हतं. शेजारीण आली तिलाही दारातूनच परत लावली. आता तिनं आम्हा सगळ्यांकडं एकेक करून बघितलं. शोभाताई पुढं सरकल्या होत्या. मनानानं बोट दाखवलं ते मायकडं.

"काय म्हनती?" मायनं विचारलं.

"तू आधी आत ये म्हणते. तुझा पायगुण बघायचाय तिला."

माय एकदम मागं सरकली. "माझा नको. दुसऱ्या कुनाचा बगा म्हनावं."

तिथल्या कुणालाच कळलं नाही, पण मला कळलं. माय नवरी होऊन आली त्या वर्षी पाऊस झाला नाही आणि घरातला एक बैल मेला. आजी तिला पांढऱ्या पायाची म्हणायची. पुढं सवयीनं म्हणत राहिली. लग्नकार्यात, नव्या घराच्या वास्तूला माय कायम मागच्या दारानं जायची. कुणी सांगितलेलं नसायचं. तिचं तीच जायची.

मी गिओर्गीला एवढंच म्हटलं, "ती म्हणते, तिचा पाय चांगला नाही." त्यानं ते मनानाला सांगितलं. त्यानं काय शब्द वापरले कुणास ठाऊक. मनाना मोठ्यानं काहीतरी बोलली, बाहेर आली, मायचा दंड धरला आणि तिला दारापाशी नेऊन उभं केलं. गिओर्गी हसत होता. "ती म्हणते, घर तिचं आहे. कुणाचा पाय चांगला ते ती ठरवणार."

मायनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. तिनं चपला काढल्या, पदर सारखा केला, "उजवा ना?" असं मलाच विचारलं आणि उजवा पाय आत टाकला. मनानानं तिच्या तोंडात गोड घातलं, मधात घोळलेली अक्रोडाची चिक्की. माय ती चघळत घराच्या मधोमध उभी राहिली. डोळे भरलेले. "पायगुन हिकडं बी बगत्यात गं," एवढंच म्हणाली.

मग मनानाची नजर खाली गेली. नव्या मोज्यावर पुन्हा लाल डाग आला होता. मायनं लाजून पाय लुगड्यात ओढले. मनानानं तिला चुलीजवळच्या बाकावर बसवलं, घमेल्यात गरम पाणी आणून त्यात मीठ टाकलं आणि पाय त्यात ठेवायला लावले. जोडवी बघून तिनं स्वतःच्या हातातली अंगठी दाखवली आणि भुवया उडवल्या. मायनं हो म्हटलं. नवऱ्याचं. दोघींचं बोलणं यापुढं माझ्याशिवायच चाललं.

जेवायला मक्याची भाकरी आली. हातावर थापलेली, बोटांचे ठसे उमटलेली. सोबत मातीच्या भांड्यात राजमा आणि वाटलेल्या लाल मिरचीचा, लसणाचा ठेचा. माय पाणी आलेल्या डोळ्यांनी म्हणाली, "आता पोट भरलं. तीन दिस नुसता पाव चघळून राहिले होते."

जेवण झाल्यावर मनाना आतून एक बुटांचा जोड घेऊन आली. तिचे स्वतःचे. आतून मेंढीची लोकर, पुढून टोपल्यासारखे रुंद, वापरून वापरून मऊ झालेले, तळ खडबडीत. मायपुढं ठेवले आणि खिडकीतून देवळाकडं बोट दाखवलं.

मी म्हटलं, "माय, घालून बघ!"

"न्हाई. दुसऱ्याच्या पायातलं घालू न्हाई. त्याची पीडा आपल्याला लागती."

शोभाताईंनी कपाळाला हात लावला. "अहो, उद्या गाडीत बसावं लागेल तुम्हाला!" माय ढिम्म. मनाना बुचकळ्यात. मी आबांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडं ते गोठ्यात होते. सगळं सांगितलं. त्यांनी बैलाच्या पाठीवर हात ठेवून थोडा विचार केला.

"तिला तुपले बूट दे घालाय," आबा मायला म्हणाले. "तिची पीडा तुला, तुपली तिला. फिट्टमफाट."

माय हसली. "लई शाना."

तिनं जांभळ्या पट्टीचे बूट मनानापुढं ठेवले. मनानाला काय समजलं ते तिलाच ठाऊक, पण तिनं बाकावर बसून ते घालायचा प्रयत्न केला. तिचीही बोटं नाकापाशी अडली. तिनं जोर लावला, बूट हवेत उडाला आणि जाऊन शोभाताईंच्या यजमानांच्या चहात पडता पडता राहिला. दोघी इतक्या हसल्या की मनाना एप्रननं डोळे पुसत होती आणि माय पदरानं. मग मायनं मनानाचे बूट पायात घातले. पाय आत गेला, बोटं पसरली, जोडवी कुठंच लागली नाहीत. तिनं घरात एक चक्कर मारली. आरशात बघितलं नाही.

वर

सकाळी आभाळ निवळलं होतं. डोंगर पूर्ण दिसत होता, इतका पांढरा की बघताना डोळे बारीक करावे लागत. चार चाकांना जोर असलेल्या गाडीनं आम्ही वळणं चढत गेलो. पण आदल्या दिवसाच्या बर्फामुळं गाडी नेहमीच्या जागेच्या बरीच खाली थांबली. गिओर्गीनं सांगितलं, इथून पुढं चालायचं. ज्यांना जमणार नाही त्यांनी गाडीत बसावं. दोघं-तिघं बसले. त्यानं मायकडं पाहिलं.

"मम्मी?"

माय गाडीतून उतरली, लुगडं थोडं वर घेतलं, कासोटा आवळून खोचला आणि चालायला लागली. निंदणीला निघताना अशीच खोचायची. आत थर्मलची पॅन्ट, वर माझं जाड जाकीट, डोक्यावर पदर, पायात मनानाचे बूट.

पाऊलवाट दबलेल्या बर्फाची होती, निसरडी. मी सरळ चालत होते आणि घसरत होते. माय तिरकी चालत होती, ओल्या बांधावरून चालतात तशी, आधी बुटाची कड रोवून मग भार टाकत. "आसं चाल," तिनं मला सांगितलं, "पाय वाकडा टाक." शोभाताई त्यांच्या भारी बुटांत एकदा बसल्याच. मायनं हात देऊन उठवलं. त्या म्हणाल्या, "लातूरकरांना नांदेडकरांनी हात दिला, हे गावात सांगू नका हं!" माय म्हणाली, "सांगनार. आधी हेच सांगनार."

मध्ये एकदा ती थांबली. मला भीती वाटली. बोट दुखतंय का, विचारलं. "न्हाई. दम खाऊन राहिले." वाकून तिनं मूठभर बर्फ उचलला, वास घेतला, जिभेला लावला आणि टाकून दिला. "चव न्हाई कायच," ती म्हणाली आणि पुढं निघाली. आम्ही हळू चाललो. आमच्या मागून आलेले लोक पुढं गेले, जाताना मायला बघून हात हलवत गेले. तिनंही सगळ्यांना हात हलवला.

देवळापाशी पोचल्यावर तिनं दारात बूट काढले. आतला दाढीवाला पुजारी राहू द्या, राहू द्या म्हणून खुणावत होता. तिनं मान हलवली, बूट भिंतीला लावून नीट ठेवले आणि म्हातारीनं विणलेल्या मोज्यांवर आत गेली. दगडी, अंधारं, छोटं देऊळ. मेणबत्ती घेतली, दुसऱ्याच्या मेणबत्तीवर पेटवून वाळूत रोवली. काय मागितलंस, असं मी विचारलं नाही. बाहेर येऊन ती कठड्यापाशी डोंगराकडं तोंड करून उभी राहिली. मी फोटो काढला. त्यात तिचं तोंड दिसत नाही, पाठ दिसते. मला तो तसाच आवडतो.

उतरून मनानाच्या घरी आलो. मायनं बूट पुसले, चुलीपासून जरा लांब वाळत ठेवले. मग पिशवीतून हळदी-कुंकवाची डबी आणि एक हिरवा खण काढला. तो ती कुठंही जाताना बरोबर ठेवते, कुणाकडं लागेल म्हणून. तांदूळ नव्हते. तिनं टेबलावरचे अक्रोड ओंजळीत घेतले. मनानाला बसवलं, कुंकू लावलं, एप्रन पसरायला लावला आणि खण-अक्रोडांनी तिची ओटी भरली. मनानाचा नवरा मेंढ्यांकडून आला होता, तो दारात टोपी काढून उभा राहिला. गिओर्गीनं मला विचारलं, हे काय चाललंय. मी सांगितलं, "आमच्याकडं घरच्या बाईची ओटी भरल्याशिवाय निघत नाहीत." मनानानं खण गालाला लावला आणि मायला मिठी मारली. मायला मिठीची सवय नाही. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग तिनंही हात टाकले.

ज्यांना हिवाळ्यात असं कुठं जायचं असेल त्यांना मी सांगते: बूट संध्याकाळी घ्या, पाय फुगलेला असतो तेव्हा. जाड मोजे घालून मापा. पुढून रुंद घ्या, मग ते बायकांचे असोत की गड्यांचे. आणि खोक्यात ठेवू नका. महिनाभर घरात, गोदावरीच्या घाटावर, भाजी आणायला, घालून चाला. आम्ही यातलं काहीही केलं नाही. आमचं जे निभावलं ते मेणबत्तीवाल्या आजीबाई, मोजेवाली म्हातारी, शोभाताईंच्या पट्ट्या, आबांची अक्कल आणि मनाना यांच्यामुळं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

माझी माय, हदगाव तालुक्यातली शेतमजूर बाई, पासष्टी ओलांडल्यावर बर्फातून चालत त्या देवळाच्या आत गेली आणि चालत खाली आली.